अडसरमामाच्या भिंतीवरची कुलपं

माझ्या मामाला सगळं गाव 'अडसर' म्हणतं. तो कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवतो म्हणून नव्हे. कुणी कसलाही बेत सांगितला की त्याला आडवं जाण्याची त्याला सवयच आहे म्हणून. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं. त्यामुळे मामा जगाकडे बसून, आणि तरीही वरून, पाहतो. किल्ली हरवली म्हणून गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "डोकं जागेवर आहे का बघा. तेही किल्लीबरोबर गेलं असेल."

हप्ते थकले आणि बँकेने एखादं घर जप्त केलं, की जुनं कुलूप काढून नवं लावायला मामाला बोलावणं येतं. गावातल्या तिन्ही बँकांचं हे काम तोच करतो. कुलूप निघालं की दाराकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून उभा राहतो. आत कधी डोकावत नाही. मी एकदा विचारलं, "मामा, लाज वाटते का रे?" तर म्हणाला, "तुला गणितात किती होते? मग प्रश्न विचारत जाऊ नकोस."

काढलेलं जुनं कुलूप मात्र तो टाकत नाही. पत्ता आणि तारखेची चिठ्ठी बांधून मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगतो. घरवाल्याने कर्ज फेडून घर सोडवलं, तर त्याचं कुलूप त्याला परत. घर विकलं गेलं, तर नव्या मालकासाठी पुन्हा कुलूप बदलायला मामाच जातो, आणि त्या दिवशी जुनं कुलूप भंगाराच्या डब्यात जातं. म्हणजे भिंतीवर जे लटकतंय, तेवढीच घरं अजून बँकेच्या ताब्यात. बँकेचा साहेबसुद्धा कधीकधी फाइल शोधायचा कंटाळा आला की दुकानात येऊन मान वर करतो.

आता मावशीचं सांगतो. मावशी म्हणजे मामाची धाकटी बहीण, प्रसूतिगृहात नर्स. बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली, आणि एक दिवस घरमालकाने सांगितलं, तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा. मावशीने ठरवलं, आता भाड्याचं नाही. स्वतःचं, आणि गॅलरी असलेलं. "जन्मभर लोकांच्या पोरांना पहिला उजेड दाखवला," ती म्हणायची, "आणि मला मेलीला टॉवेल वाळत घालायला उजेड नाही." साठवलेल्या पैशांत नवं घर बसेना, म्हणून तिने जप्तीतलं घर घ्यायचं काढलं. अशा घरांची यादी विकणारी एक सेवा तिला फोनवर सापडली. वर्गणी भरून मोकळीही झाली. हे सगळं मामाला न विचारता, कारण मामाला विचारलं की काय होतं हे तिला लहानपणापासून ठाऊक.

पण यादीतल्या चार नंबरच्या घरासाठी आजच्या आज 'आरक्षण रक्कम' भरा, असा तगादा सुरू झाला, तेव्हा तिचाही धीर सुटला. ती त्या सेवेच्या सल्लागाराला घेऊनच दुकानात आली.

सल्लागार माझ्याच वयाचा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो. आपण कोण हे मधूनमधून विसरत असावा.

"काका, आमची यादी रोज ताजी होते," त्याने टॅब पुढे केला.

"दूध आहे का ते?" मामा म्हणाला. "हे चार नंबर कुणी पाहिलंय?"

"आमच्या टीमने."

"टीमला डोळे होते?"

"दादा, नीट बोल की," मावशी म्हणाली. "गॅलरी आहे त्याला. फोटो बघ तरी."

मामाने चष्मा चढवला. फोटोत एक हिरवं दार, त्याला पितळी कुलूप, कुलपाच्या डाव्या कोपऱ्याला पोचा. मामाने टॅब डोळ्यांजवळ नेला. मग भंगाराचा डबा मांडीवर घेतला, खडखड करत ढवळला आणि एक पितळी कुलूप टॅबशेजारी ठेवलं. डाव्या कोपऱ्याला पोचा.

"हा पोचा माझ्या हातोडीचा, हे दारावर बसवतानाच पडलेला. दीड वर्षापूर्वी हे भिंतीवरून डब्यात गेलं. तिथे आता दातांचा डॉक्टर राहतो. बये, तू पैसे भर, तो तुला गॅलरीत उभं करून दाढ काढून देईल."

सल्लागार जराही लाजला नाही. असली माणसं लाजत नाहीत. तो खर्च त्यांच्या धंद्यात धरलेलाच नसतो. म्हणाला, "फोटो प्रातिनिधिक असतात, काका."

"मग मीही प्रातिनिधिक थोबाडीत देऊ का?"

मी पटकन टॅब उचलला. गावातली अकरा घरं होती यादीत. मी पत्ते वाचत गेलो, मामा भिंतीकडे बघून "गेलं", "गेलं", "हे सोडवलं, पोरीच्या लग्नाआधी" असं म्हणत गेला. भिंतीवर दोनच निघाली. एक पत्ता ऐकून मात्र तो थांबला, कारण तो या जिन्याच्या वरच्या मजल्याचा होता. तिथे शिकवणी चालते आणि जागा कधीच जप्त झालेली नाही. वरातीमागून घोडं तरी बरं; इथे वरातच नव्हती.

सल्लागार जाताना मावशीला म्हणाला, "मॅडम, जुन्या विचारांची माणसं असतात. ऑफर संध्याकाळपर्यंतच आहे."

"संध्याकाळी मी ड्यूटीवर असते," मावशी म्हणाली. तो गेल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला. "आता कुणावर विश्वास ठेवू रे? अडीच महिने राहिलेत."

मामाला रडणं चालत नाही. खाचा पाडायची कानस घेऊन तो उगाच एक किल्ली घासू लागला. "यादी विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या. नोटीस कुठल्या बँकेची, तारीख कुठली, आणि आज किल्ली कुणाकडे आहे. तिसऱ्या प्रश्नाला जो खिशातून फोन काढतो, त्याला पाणीही विचारू नये. आणि विकत कशाला घेतेस? बँकेच्या फळ्यावर फुकट लावतात. पण फुकटचं वाचायला आमच्या माणसांना अपमान वाटतो."

"तुला एवढं माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"लोकांच्या पडझडीची चर्चा दुकानात करायची नाही, हा माझा नियम. बहिणीसाठीही."

तरी दुसऱ्या दिवशी त्याने दुकान बंद ठेवलं. भिंतीवरच्या दोनपैकी एका घराला गॅलरी होती, आणि त्या कुलपाचा मालक आता एका गोदामात राखणदारी करत होता. मामा त्याला विचारायला गेला होता, घर सोडवायची आशा आहे का. तो म्हणाला, "नाही हो. विकलं जाऊ दे एकदाचं, म्हणजे दारावरचं बँकेचं कुलूप टाळायला रस्ता बदलून जावं लागणार नाही." मग मामाने मावशीला फक्त फळ्याचा कोपरा सांगितला. नोटीस, तारीख, सगळं तिने स्वतः वाचलं, बँकेच्या माणसाबरोबर जाऊन घर पाहिलं. लिलावात बोली लावणारे दोघेच निघाले, आणि दुसऱ्याला भिंतीची ओल आवडली नाही.

ताबा मिळाला त्या सकाळी मामा कुलूप बदलायला आला. नवं लावलं, किल्ल्या बहिणीच्या हातात दिल्या आणि सवयीने दाराकडे पाठ करून जिन्याकडे तोंड करून उभा राहिला. मावशी सगळ्या खोल्या फिरून आली तरी हा तिथेच.

"दादा, कुणाला पाठ दाखवतोयस? माझं घर आहे आता."

मामाने मागे वळून पाहिलं. चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. मग आत आला तो भिंतींकडे न बघता सरळ गॅलरीच्या दाराशी गेला आणि कडी हलवून पाहिली.

"कुठल्या गाढवाने बसवलीय ही?" तो ओरडला, आणि बहिणीच्या घरात मांडी घालून बसत मला म्हणाला, "बघतोस काय? स्क्रू-ड्रायव्हर आण. गणित नव्हतं येत, एवढं तरी येईल."