कुंदाच्या ट्रंकेत न भरलेल्या वस्तू

कुंदाला बोर्डिंगात ठेवायचा निर्णय मी अत्यंत खंबीरपणे घेतला आणि चौथ्या दिवशी तिचा टॉवेल घेऊन शाळेच्या फाटकावर हजर झालो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करायचो, सरावलीत एका खोलीत राहायचो. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. दुसरी पाळी असली की नऊ वर्षांची माझी लेक कुंदा रात्री उशिरापर्यंत आतून कडी लावून माझी वाट बघत बसायची. मला ते बघवेना. पालघरजवळच्या एका खासगी शाळेत रोज ये-जा करणारी मुलंही होती आणि राहणारीही. फॉर्मवर दोन चौकोन होते. मी 'ये-जा'वर खूण केली, खोडली. 'निवासी'वर केली, तीही खोडली. शेवटी कुंदानेच पेन हिसकावून 'निवासी'वर खूण केली. (खंबीर निर्णय तो हाच!)

मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "मुलीला एकटं राहायची सवय आहे?"

"तिला हाय," मी म्हटलं, "मला नाय."

बाईंनी हे काही लिहून घेतलं नाही.

शाळेच्या यादीप्रमाणे ट्रंक मीच भरली. चादर, ताट-वाटी, खोबरेल तेल, सगळं काळजीने घातलं. आणि तितक्याच काळजीने टॉवेल, कंगवा आणि डाव्या पायाचा बूट घरी ठेवला! भेटीचा रविवार महिन्यातून एकच. विसरलेली वस्तू पोचवायला मात्र कसलीच आडकाठी नव्हती. नियम मी दोनदा वाचले होते.

टॉवेल नेला तेव्हा कुंदा धावत आली. "बाबा, जेवलात?"

"जेवलो." (साफ खोटं. एका माणसापुरता भात मला अजून जमत नव्हता.)

दोन दिवसांनी कंगवा नेला. मग बूट. तोवर पोर एका पायात बूट नि एका पायात चप्पल घालून कवायत करत होती! लाज वाटली, पण सुधारलो नाही. न्यायला काही उरलं नाही तेव्हा सातपाटीच्या बहिणीकडून सुके बोंबील आणले. शाळेचं जेवण शाकाहारी. कुंदाने पुडा पलंगाखाली सरकवला, आणि तासाभरात गावातली झाडून सगळी मांजरं वसतिगृहात दाखल झाली.

बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. पुडा टेबलावर होता.

"दहा दिवसांत चौथ्यांदा आलात! मुलगी तर मजेत आहे."

मग मी बोलूनच टाकलं. "बाई, पाळी सुटली की कुलूप उघडायचं जिवावर येतं. घर खायला उठतं."

बाईंचा आवाज मऊ झाला. "मग तिला ये-जा करू द्यायची का? अजून बदलता येईल."

मी खुर्चीतून उठलोच! "चल कुंदा, ट्रंक भर!"

कुंदा खाली बघत म्हणाली, "बाबा, तुमी कामावर गेलात का मी परत कडी लावून बसू?"

मी पुन्हा खाली बसलो. टेबलावरचा पुडा उचलून मांडीवर घेतला. मग मी म्हटलं, "राहू दे, बाई. तिला इथंच राहू दे."

पाच वाजता ये-जा करणाऱ्या मुलांची बस बोईसरला निघाली. बाईंनी मला तीतच बसवून दिलं. गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले, मांडीवर बोंबलांचा पुडा. वाटेतलं उमरोळी गाव मागे पडलं तरी माझे डोळे काही कोरडे होईनात. शेजारची चिमुरडी नाक दाबून माझ्याकडे बघत होती.

"काका, तुमी कितवीत?"

"नवीन आलोय," मी म्हटलं. "अजून रुळलो नाय."