नागपूरच्या बगळ्याची झडती

माझ्या अक्षराची आणि ऱ्हस्व-दीर्घाची आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ही वही कोणाला दाखवायची नाही, ट्रंकेत साड्यांखाली ठेवायची आहे, तरी माफी मागायची सवय जात नाही. एक मास्तर माझं अक्षर पाहून म्हणाले होते, "शेणातून कोंबडी चालत गेली की असं दिसतं." त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. त्यांचं स्वतःचं अक्षर मोत्यासारखं होतं. माणसाचं अक्षर सुंदर असलं म्हणजे माणूस सुंदर असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

नवऱ्यानं मला टाकलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. भावाकडे परत आले. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूचं, जंगलाला लागून. धानाची शेती, दोन बोड्या म्हणजे लहान तळी, आणि सातवीपर्यंतची शाळा. आसपासच्या गावांत शाळा चौथीलाच संपायची, म्हणून आमचं गाव मोठं समजलं जाई. माझ्या लहानपणी आमच्याकडेही चौथीच होती, म्हणून मी चौथी.

त्या काळी सातवी पास बाईला प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून घेत. चांद्याकडून आलेली अशी एक मास्तरीण मी बाजारात पाहिली होती. पायात वहाणा, हातात छत्री, आणि भाजीवाला तिला "बाई, घ्या" म्हणत होता. मला कोणी "घ्या" म्हणत नव्हतं. भाऊ चांगला होता, वहिनीही चांगली होती, पण दुसऱ्याच्या घरचा भात रोज खाताना घास मोजून घ्यावा लागतो. मला सातवी व्हायचं होतं. मनात दुसरं काही नव्हतं.

सातवीच्या वर्गाचे मास्तर नागपूरचे. माणूस नागपूरचा, बोलणं मात्र पुण्याहून मागवलेलं. आमच्याकडची बदली त्यांना शिक्षेसारखी वाटे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी एक तारीख खोडायचे, आणि खोडताना बायकोला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकायचे. जंगलाची एवढी भीती की दिवसाढवळ्या बोडीपर्यंत जाताना हातात काठी आणि सोबत शाळेचा शिपाई लागे. आमच्या इथली पाच वर्षांची पोरं शेळ्या घेऊन त्याच वाटेनं जात.

भावानं त्यांना विचारलं. मास्तर म्हणाले, "बाहेरून परीक्षेला बसवू. शिकवीन मी. फक्त घरातलं थोडं काम करावं लागेल तिला."

थोडं काम म्हणजे पाणी भरणं, भांडी, धुणं, सारवण आणि धान कांडणं. शिकवणं म्हणजे मी ओसरीखाली भांडी घासत असताना मास्तर वर खुर्चीवर बसून अपूर्णांक सांगायचे. माझे हात राखेनं भरलेले, त्यामुळे पाटीवर काही लिहिता येत नसे. मी डोक्यातच गणितं करायचे. त्याचा पुढे उपयोग झाला. भूगोलाच्या पुस्तकातून त्यांनी मला लंडनचं धुकं शिकवलं. आणि एकदा अंगणातून जाणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा भारा पाहून मलाच विचारलं, "हे कसलं पान?" ते तेंदूचं होतं. त्याच पानाची विडी तर ते रोज ओढत.

बायको त्यांना शोभणारी होती. मी धुण्याला साबण मागितला तर म्हणाली, "अगं, तुम्हा लोकांना साबण सोसत नाही. हाताला फोड येतात." आमचा तांदूळ तिला जाड वाटे, वास येतो म्हणे. सुट्टीत नागपूरला जाताना मात्र त्याच तांदळाची दोन पोती बैलगाडीत चढायची.

मास्तर घरी पोस्टकार्डं लिहीत आणि टपालात टाकायला माझ्याजवळ देत. चौथी शिकलेल्या बाईला वाचता येतं, हे त्यांच्या ध्यानात राहत नसावं. एका कार्डात लिहिलं होतं, "येथील माणसे अर्धी जनावरे आहेत. तांदूळ मात्र उत्तम. आणखी एक पोते पाठवितो." मी ते कार्ड पेटीत टाकलं. तेव्हाही मला राग आला नाही, इतकी मी भित्री होते. मास्तर आहेत, त्यांना माहीत असेल, असंच वाटलं.

आता पैशाचं. जंगलाच्या कडेला आईच्या वाटणीचं एक मोहाचं झाड होतं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. राखण नसते, कुंपण नसतं, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. आईमागे ते झाड माझं झालं. चैताच्या महिन्यात पहाटे उठून मी फुलं वेचली, वाळवली, आणि बाजारात विकून पंधरा रुपये जमवले. मास्तर म्हणाले होते की फॉर्म, फी आणि पुस्तकं मिळून पंधरा लागतील. दिवाळीच्या आधी मी पदराच्या गाठीतून ते रुपये काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी त्यांवर पेपर ठेवला आणि म्हणाले, "झालं तुझं काम."

त्या दिवाळीत मास्तरांच्या बाईला नवं पातळ आलं. निळं, जरीच्या काठाचं. मी ते धुतलं, दांडीवर वाळत घातलं, घडी करून ठेवलं. माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही.

फागुनात सगळ्यांचे परीक्षेला बसायचे नंबर आले. माझा आला नाही. मास्तर म्हणाले, "टपालात गहाळ झालं असेल." मी घरी आले आणि रडत बसले. वहिनी उठली आणि फीची मनिऑर्डर गेली का ते विचारायला सरळ पोस्टमनकडे गेली. तो आमच्याच गावचा.

"मनिऑर्डर?" तो म्हणाला. "मास्तरानं दिवाळीले एक मनिऑर्डर केलती, बाई. नागपूरच्या कपड्याच्या दुकानाले. दुसरी कोणतीच नाई."

वहिनीनं परत येऊन मला ते सांगितलं आणि म्हणाली, "अन् तू त्याची भांडी घासून राह्यली! जा न, माग न आपले पैसे. काऊन गप बसतं?"

"मले नाई बोलता येत त्याच्यासमोर."

"मंग मी बोलतो."

"नको वहिनी. तुले माझी आन हाय."

वहिनीनं आन पाळली. मास्तरांना ती काही बोलली नाही. फक्त विहिरीवर बोलली. विहिरीवर बोललेलं गावाला सांगावं लागत नाही.

मी त्यांच्या घरी जातच राहिले. हे लिहायला आज मला लाज वाटते. मास्तरांचा मला जेवढा तिटकारा आहे, त्याच्या निम्मा तरी त्या वेळच्या माझ्या स्वतःचा आहे. मनात म्हणायची, पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर सही यांचीच लागणार. यांना दुखवून कसं चालेल?

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावातले सगळे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे चार ओळींचं जोडलेलं गाणं, ओरडून म्हणायचं, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचं नाव घ्यायचं. झडतीत कोणाचीही खोड काढावी, पाटलाची, सावकाराची, जावयाची. त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, हा नेम. आमच्या गावात आणखी एक नेम होता. ज्याच्यावर झडती झाली त्यानं पुढच्या पोळ्याच्या आत आपली चूक निस्तरायची. नाही निस्तरली तर तीच झडती दर वर्षी म्हटली जाते. एका सावकाराची झडती तो मेल्यावरही दोन वर्षं चालली होती.

मास्तरांना पाटलानं खुर्ची दिली होती. ते आले होते कामासाठी. नागपूरच्या कुठल्याशा मासिकात त्यांना "वन्य भागातील लोकगीते" असा लेख छापून आणायचा होता. लेख छापला की साहेबांच्या नजरेत यायचं आणि बदली करून घ्यायची, असा बेत मी त्यांच्या तोंडूनच ऐकला होता. काखेत वही होती. शेजारी निळं पातळ नेसून बाई, नाकाला रुमाल लावून, कारण बैलांचा वास.

तोरणाच्या दुसऱ्या टोकाला आमच्या आळीतला एक बुढा उभा होता. झडत्यांसाठी दहा गावांत त्याचं नाव. त्यानं हात वर केला आणि ओरडला:

"नागपूरचा बगळा आला, बोडीत आमच्या उभा,
एका पायावर पाढे बोले, केवढा त्याचा रुबाब!
मोहाचे पंधरा रुपये गिळून बसला पोटात,
बगळी त्याची हिंडून राह्यली निळ्या-निळ्या काठात!
हर बोला, हर हर महादेव!"

सगळं गाव हसलं. बैलसुद्धा बुजले. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे वळली. मास्तर अलीकडच्या टोकाला, त्यांच्या कानाशी डफडं वाजत होतं, आणि आमची बोली त्यांनी तीन वर्षांत शिकलेली नव्हती. त्यांना वाटलं, गावानं आपल्या नावानं जयजयकार केला. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना हात जोडले.

असं हसणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. वहिनी तर खालीच बसली. पाटील धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. बुढा तेवढा गंभीर. त्यानं मास्तरांना उलट रामराम केला.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते. मास्तर वही घेऊन आले. "काल त्या म्हाताऱ्यानं जे म्हटलं, ज्यावर लोक इतके आनंदले, ते तुला येत असेल ना? लिहून दे यात. खाली सोप्या भाषेत अर्थ दे. आणि अक्षर जरा माणसासारखं काढ."

मी हात धुतले आणि वही घेतली. तोंडानं मला एक शब्द बोलता आला नसता. पण ते लिही म्हणाले होते, आणि सांगितलेलं काम मी कधी नाकारलं नव्हतं. झडती लिहिली. खाली अर्थ लिहिला. बगळा म्हणजे गुरुजी. बगळी म्हणजे बाई. पंधरा रुपये माझे, मोहाचे, फीसाठी दिलेले. फी भरली नाही. निळं पातळ मीच धुते. त्याच्याखाली आमच्या गावचा नेमही लिहिला, की हिशेब फिटला नाही तर पुढच्या पोळ्याला हीच झडती पुन्हा होईल. वही ओसरीवर ठेवली आणि भांडी घासायला बसले.

मास्तरांना माझं अक्षर लागेना. त्यांनी वही बाईकडे दिली. "वाच गं, तुझे डोळे चांगले आहेत."

बाईनं मोठ्यानं वाचायला घेतलं. झडतीत ती अडखळली, पण अर्थ तिला नीट लागला. "बगळी म्हणजे..." इथपर्यंत आवाज होता. पुढचं तिनं मनात वाचलं. मी तपेलीवर राख चोळत राहिले.

"हे तूच लिहिलंस?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीच लिही म्हणले गुरुजी."

त्यांनी पान टरकन फाडलं. पण पान फाडून काय होणार? गावाला तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या वाटेवर धान निंदणाऱ्या बायका त्यांना पाहून एका पायावर उभ्या राहू लागल्या.

तिसऱ्या दिवशी पाच रुपये आले. बाईनं ते माझ्या हातात दिले नाहीत, जात्यावर ठेवले. "तुझे पैसे कोणी खाल्ले नव्हते. ठेवले होते." मग दसऱ्याला चार. दिवाळीला तीन, त्याही वेळी म्हणाली की महागाई किती आहे तुम्हाला कल्पना नाही. त्या दिवाळीत तांदळाची पोती दोनाऐवजी तीन गेली. मग दोन रुपये आणि चार आण्यांची एक पावली. मी मागत नव्हते. मी फक्त कामाला जायची आणि उभी राहायची.

परीक्षेचा फॉर्म त्या वर्षीही आला होता. मी सही मागितली नाही आणि त्यांनी विचारलं नाही. जो माणूस माझ्या फीचं पातळ करतो, त्याच्या सहीनं सातवी होण्यापेक्षा चौथी बरी, असं तेव्हा वाटलं. आज तसं वाटत नाही. सही घ्यायला हवी होती. पण त्याच्यापुढे हात पसरायचा विचार केला की आजही अंगावर शहारा येतो.

फागुनात मास्तरांची बदली झाली. लेख छापला नव्हता. कोणाचं तरी वजन लावलं होतं. सामान गाडीत चढत होतं. माझे बारा आणे राहिले होते. मी अंगणात जाऊन उभी राहिले. भाऊ आणि वहिनी कुडाबाहेर थांबले होते, आणि गाडी हाकायला आलेला गडी बैलाच्या पाठीवर हात ठेवून पाहत होता.

मास्तर खाली आले. त्या सुमाराला नवे पैसे चालू झाले होते. त्यांनी खिशातून नाणी काढली आणि माझ्या ओंजळीत मोजली. सात दहापैशी, एक दोनपैशी.

"एका आण्याचे सहा नवे पैसे. बारा सक बहात्तर. मिटलं."

मी ओंजळ मिटली नाही. पोस्टाच्या भिंतीवर सरकारनं तक्ता लावला होता, तो मी येता-जाता वाचत असे. या वेळी मी तोंडानं बोलले.

"चार आण्याचे पंचवीस, गुरुजी. बारा आण्याचे पंच्याहत्तर. तीन कमी हायेत."

गाडीवाला खोकला. बाईनं गाडीतून म्हटलं, "द्या हो, द्या, आणि चला." मास्तरांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग बायकोच्या बटव्यातून तीन पैसे काढून माझ्या ओंजळीत एकेक करून टाकले. मी ते मोजून घेतले. पंधरा रुपये पुरे झाले.