किर्याबाईंचा कोरस

किर्याबाईंना बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. शारजातल्या ज्या छोट्या कलाकेंद्रात मी ऑफिस सांभाळायचे, तिथे त्या ग्रीसहून नाटक शिकवायला आल्या होत्या. साठी उलटलेली, पांढरे केस आखूड कापलेले, आणि मुखवटे बनवून बनवून नखांत कायम प्लॅस्टर अडकलेलं. जन्मभर जुन्या ग्रीक नाटकांचा अभ्यास केला होता, पण वर्गात शिरायच्या त्या टाळ्या वाजवत, "पामे, पामे" करत. म्हणजे चला, चला. त्यांच्याकडे शिक्षिकेला 'किरिया' म्हणतात. आमच्या लोकांनी त्याचं किर्याबाई केलं, आणि त्यांनाही ते आवडून गेलं.

त्यांचं दुखणं एकच होतं. जुन्या ग्रीक नाटकात गावातली माणसं एकत्र नाचतात, गातात, चाललेल्या गोष्टीवर बोलतात; तो कोरस. आमच्या केंद्रातली मुलं चुणचुणीत होती, पण इंग्रजी वाक्यं म्हणताना खांबासारखी उभी राहायची. "यांचे पाय कुठे आहेत?" असं बाई मला विचारायच्या, जसं काही मीच ते कपाटात ठेवले होते.

माझ्या माहेरचे, संगमेश्वराकडचे सुरेश घाणेकर दुबईतल्या मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात राहायचे. बांधकामावर परांच्या बांधायचं काम. रजेवरून येताना त्यांनी आईने दिलेलं कुळीथपीठ आणलं होतं, ते घ्यायला मी एका रविवारी निघाले, तर बाईही गाडीत बसल्या. कॅम्पाच्या अंगणात कोकणातली पोरं मृदंगावर जाखडी नाचत होती. गोल रिंगण, पायात चाळ, आणि मध्ये बसून घाणेकर गात होते. मी गाडी नीट लावायच्या आत बाई उतरून रिंगणाशी पोहोचल्या होत्या. घाणेकरांना वाटलं, कुणी तक्रार घेऊन आलंय. त्यांनी मृदंग थांबवला आणि आवाज कमी करतो म्हणाले.

"नहीं, नहीं. तुम कोरस है," बाई त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "मैं तुम को ढूँढती थी."

मग दर रविवारी केंद्राच्या हॉलमध्ये तालमी. नाटक बाईंनीच लिहिलं होतं: एका बेटावरून जहाज गेलंय, परतलेलं नाही, आणि किनाऱ्यावरच्या बायका वाट बघतायत. बायका अर्थात पुरुषांनीच व्हायचं. बाईंच्या देशात पूर्वी तसंच होतं, आणि आमच्या कोकणातही शिमग्याच्या खेळ्यांमध्ये पुरुष लुगडं नेसतातच, त्यामुळे लाजण्याचा प्रश्न आला नाही. बाईंचा एक मित्र लायरा नावाचं ग्रीक तंतुवाद्य घेऊन यायचा. मृदंगाशी त्याचं पहिल्यांदा जुळलं, तेव्हा बाई हॉलभर नाचत सुटल्या.

मी मराठीत केलेले संवाद मात्र बसेनात. एकदा बाईंनी तालीम थांबवून सगळ्यांना विचारलं, तुमच्या बायका फोनवर काय बोलतात? पोरं हसली. मग घाणेकर बोलले.

"आमची म्हणते, येणार असलात तर आधी सांगू नका. सांगितलंत की दिवस सरत नाय."

मी बाईंना त्याचा अर्थ सांगितला. बाई पाठ फिरवून खिडकीशी गेल्या. त्यांचे वडील जहाजावर खलाशी होते, हे मला त्या दिवशी कळलं. आई असंच काहीतरी म्हणायची, एवढंच त्या बोलल्या. मग टाळी वाजली. नाटक त्या वाक्यावरच संपवायचं ठरलं.

प्रयोग खोर फक्कानला, समुद्रासमोरच्या दगडी पायऱ्यांच्या रंगमंदिरात होता. ते पाहून बाई एखाद्या पोरीसारख्या वर-खाली धावल्या होत्या. आणि आदल्या दिवशी घाणेकरांचा फोन आला: उद्या साइटवर काँक्रीट आहे, सुट्टी कॅन्सल. बाई थेट साइट ऑफिसात गेल्या. मॅनेजरने खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. त्या तावातावाने बोलत असताना घाणेकरच मध्ये पडले आणि पुढच्या रविवारी आम्ही सगळे कामावर येतो, असं सांगून त्यांनी दुसरी गँग लावून घेतली. मॅनेजर प्रयोगाला आला, बायको-मुलांसह.

त्या संध्याकाळी वारा असा सुटला की माइक बंदच करावे लागले. बाई सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या होत्या. चाळांचा आवाज तिथपर्यंत पोहोचला. घाणेकरांनी शेवटचं वाक्य म्हटलं, तेव्हा पुढे बसलेल्या रत्नागिरीकडच्या बायकांनी पदर आणि ओढण्या तोंडाला लावल्या. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाई पायऱ्या उतरत नव्हत्या, उड्या मारत होत्या. खाली येऊन त्यांनी प्रत्येकाच्या पायांना हात लावला, तशी पोरं घाबरून मागे सरकली.

उन्हाळ्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. विमानतळावर कोरस हजर होता, कामाचे कपडे बदलून, भांग पाडून. बाईंनी माझ्याकडून एक मराठी शब्द पाठ करून घेतला होता, पण घोकताना चुकीचाच धरला. सगळ्यांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "जाते."

सगळे एकदमच म्हणाले, "येते म्हणा."

बाई गोंधळल्या. घाणेकरांनी सावकाश सांगितलं, हमारे में जाते नहीं बोलते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकेका चेहऱ्याकडे.

"येते," त्या म्हणाल्या, आणि बॅग ओढत आत गेल्या.