हंबीररावांचा उपाशीपोटी उपास

कडेगावचे रिटायर हवालदार हंबीरराव सत्तरीला टेकले, तरी त्यांची छाती अजून परेडवरच असायची. चोवीस वर्षांत फौजेच्या डॉक्टरनं त्यांना एकदाही 'अनफिट' लिहिलं नव्हतं, हे ते एसटीत शेजारी बसलेल्यालाही तिकीट काढायच्या आत सांगत. रोजची न्याहरी म्हणजे ज्वारीची भाकरी अन् वाटीभर काकवी. काकवीवर त्यांचा एवढा जीव की बरणी फळीवर नुसती हलवली, तरी उठून बघायचे.

नात अंकिता सांगलीला आहारशास्त्र शिकायची. कुठलं खाणं खाल्लं की रक्तातली साखर किती चढते, हे मोजायला तिला धडधाकट माणसं हवी होती. तिनं फोन केला.

"आबा, शनवारी मशिन घिऊन येते. तुमी सकाळी उपाशी ऱ्हावा."

"आगं, शनवारी मारुतीचा उपास माझा चाळीस वर्सं हाय!"

बायको बनुबाई म्हणाली, "आवं, साखर निघाली तर बरणी बंद. सांगून ठिवते."

"कुनाला सांगतीस? फौजी माणूस हाय मी!"

शनिवारी हंबीररावांनी मारुतीला नारळ फोडला अन् उपास अगदी काटेकोर पाळला. म्हणजे ताटभर साबुदाण्याची खिचडी, दोन उकडलेली रताळी, वर साखरेचा चहा. तासाभरानं अंकिता आली अन् तिनं त्यांच्या बोटाला सुई टोचली. मशिननं दाखवलं एकशे एकसष्ट; उपाशीपोटी हवी शंभराच्या आत.

"आबा, उपाशी हायसा न्हवं?"

"कडकडीत!"

अंकिताचा चेहरा पडला. बनुबाईनं मात्र काकवीची बरणी उचलली, हंबीररावांच्याच फौजी ट्रंकेत ठेवली, कुलूप ठोकलं अन् किल्ली कमरेला खोचली. शेजारचे नानासो दारातनं म्हणाले, "शिमेवर घावला न्हाईस, अन् सोप्यात घावलास की रं गड्या!"

हंबीरराव खाटेवर बसले. ट्रंकेकडं बघत रडवेल्या आवाजात म्हणाले, "उपासाचं खाऊन बी साखर चढती, म्हंजे मारुतीच रुसला."

अंकिता ताडकन उठली. "खाऊन? काय खाल्लंसा?"

"खिचडी. रताळी. उपासाचंच की!"

नात हसता हसता जमिनीवर बसली. "आबा, उपाशी म्हंजे पोटात कायबी न्हाई! साबुदाणा म्हंजे निव्वळ पीठ, लगीच साखर हुतंय. धडधाकट माणसाची बी चढती, मग आपोआप उतरती."

"मग उपासाला चालतं ते उपाशीला का चालत न्हाई?" हंबीररावांनी हटकलं. अंकितानं उद्या परत मोजायचं ठरवलं.

रविवारी खरोखर रिकाम्या पोटी मोजलं. एक्याण्णव. बनुबाईला पटेना, म्हणून दुसरं बोट टोचलं. नव्वद. मग भाकरी अन् मटकीची उसळ खाल्ली, तासानं एकशे अठरा.

"बघा," अंकिता म्हणाली, "भाकरी उसळीसंगं दमानं पचती. खिचडी पळत सुटली हुती."

"आता काढ बरणी!" हंबीररावांनी हुकूम सोडला. बनुबाईनं कुरकुरत कुलूप काढलं. काकवीचा वास सोप्यात पसरला. हंबीररावांनी वाटी पुढं धरली.

"थांबा आबा," अंकितानं मशिन उचललं, "वाटीभर काकवीचं बी मोजूया की."

हंबीररावांनी वाटीकडं बघितलं. मशिनकडं बघितलं. दारात नानासो उभेच होते. मग त्यांनी वाटी हळूच खाली ठेवली अन् चहाचा चमचा मागितला.

"का वं? वाटीला काय झालं?" बनुबाईनं विचारलं.

"वाटी," हवालदार छाती काढून म्हणाले, "अनफिट."