हेल्मेटला खुरप्याच्या मुठी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची तेव्हा त्यात कौतुक असायचं. बायको म्हणायला लागली तोवर कौतुक पार आटलं होतं.

नव्वदचं जवळजवळ सगळं दशक मी सांगली आणि साताऱ्याच्या मधल्या रस्त्यावर काढलं. नोकरी सांगलीत, घर साताऱ्यात. बायको तिथल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सोमवारी पहाटेची एसटी धरायची, शनिवारी परतायचं. घरी असलो की सांगलीची कामं डोक्यात, सांगलीत असलो की घर. कुठंच धड टेकायचो नाही.

सांगलीत आमचे थोरले साहेब व्यवसाय सल्लागार होते आणि मी त्यांचा उजवा हात. बेदाण्याचे व्यापारी, फाउंड्रीवाले, दूध डेअरीवाले, ज्याचं गाडं अडलं तो आमच्याकडे यायचा. आम्ही जायचं, दोन दिवस बघायचं, अहवाल लिहून द्यायचा. मला दोन दिवस लागायचेच नाहीत. पंधरा मिनिटांत कळायचं, इथून काय हलवलं पाहिजे. मधली भिंत काढा, ते कपाट काढा, दारातला बाक काढा. थोरले साहेब म्हणायचे, "अरे, आधी बस. चहा घे. हा बाक इथं का ठेवलाय ते त्या माणसाला विचार. मग तोंड उघड." मी मान डोलवायचो आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच करायचो. बायको म्हणायची, "तुमची सगळी विद्या एका शब्दात मावते. काढा! उंटावरचे शहाणे!"

अशात पुण्याच्या एका प्रदर्शनात कुणीतरी माझ्या डोक्यावर एक जड हेल्मेट चढवलं. डोळ्यांपुढं दोन बारके पडदे, मागं वायरीचं भेंडोळं. मान वळवली की आतलं चित्र वळायचं. चित्र म्हणजे काय, रंगीत खोकी एकावर एक रचल्यासारखी एक खोली. पण मी त्या खोलीत होतो हो! बाहेर आलो आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो. शाळेत हृदयाची आकृती घोकताना मला कधी कळलं नव्हतं की रक्त नेमकं कुठून कुठं जातं. इथं पोराला हृदयाच्या आतच नेऊन उभं करता आलं तर?

त्यानंतर मला बेदाण्यात रस उरला नाही. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक प्राध्यापक माझ्यासारखाच वेडा निघाला. त्यानं सहा महिने खपून कॉम्प्युटरवर हृदय बांधलं. चार कप्प्यांच्या चार खोल्या, मधे झडपांची दारं, आणि लाल-निळ्या चेंडूंसारखं पळणारं रक्त. मी कुठून कुठून खटपट करून एक वापरलेलं हेल्मेट मिळवलं आणि थोरल्या साहेबांना सांगितलं, मी चाललो.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुझी खुर्ची तशीच ठेवतो. त्यापुढं मला दुसरा माणूस बघावा लागेल."

बायकोनं तेच उचलून धरलं. "खऱ्या जगात तुमचा पाय ठरत नाही, आता खोट्यात चाललात. ठीक आहे. दिवाळीपर्यंत एका तरी शाळेनं 'हो' म्हणू दे. नाही म्हणाली, तर गपचूप जुन्या खुर्चीवर जाऊन बसायचं. आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही." मी शब्द दिला.

पहिली शाळा अर्थातच तिची. हेल्मेट घेऊन गेलो, वर्गातल्या मुलींना एकेक करून बसवलं. एकही मुलगी मिनिटभर टिकेना. डोक्यावर चढवून पट्टा आवळला की चुळबुळ, तोंड वाकडं, आणि "बास सर". माझं डोकं तापलं. शाळेला अहवाल द्यायचा होता. सवयीप्रमाणे मी तो अगदी सडेतोड लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'या विषयात मुलींना मुळात रस कमी दिसतो.' शाळेनं तो वाचला आणि सभ्यपणे नकार कळवला. मुलींना रस नाही असं आणणाराच म्हणतोय, तर मुलींच्या शाळेनं ते घ्यावं कशाला? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

बायकोनं ते वाक्य वाचून माझ्याकडे नुसतं बघितलं. "माझ्या मुलींना रस नाही?" एवढंच म्हणाली.

दिवाळी तीन आठवड्यांवर आली आणि माण तालुक्यातल्या एका गावच्या मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळेत प्रयोगशाळा नाही, तुमचं यंत्र आणून दाखवा. शाळा समितीचे अध्यक्ष 'हो' म्हणाले तर वर्षभर चालवू. मी जीप ठरवली, कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळला आणि निघालो. दिवाळीआधीची ही शेवटची शाळा होती.

गाव मेंढरांचं आणि ज्वारीचं. निम्म्या घरांतले बाप्ये मुंबईला कामाला. जीपवाला सामान उतरवून दहिवडीला निघून गेला, संध्याकाळी येतो म्हणाला. शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव गोळा झालेलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे सत्तरीचे एक म्हातारबाबा, जन्म मेंढरांमागं गेलेला, आता थोडी शेती. अंगात पैरण, डोक्याला भलामोठा लाल पटका. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले, "त्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही."

वीज तासाभरात जाणार होती, म्हणून मला घाई. चहा आला तो मी बाजूला ठेवला. बाबांना खुर्चीवर बसवलं, हेल्मेट उचललं. ते पटक्यावर बसेना. "बाबा, हे जरा काढा," मी म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माझे हात तोवर त्यांच्या पटक्याला लागलेसुद्धा होते.

बाबांनी माझं मनगट धरलं, अगदी सावकाश.

"सायेब, माझा बा गेला तवा म्या ह्यो पटका उतरवला हुता. चारचौघांत त्याच्यामागं कवाच न्हाई." ते उठले. "पोरांस्नी दावा तुमचं मशीन. मला नगं."

आणि निघून गेले. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "अहो, काय केलंत हे?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं सांगतो, पहिला विचार आला तो पळून जायचा. पण जीप दहिवडीला. मग दोन-चार पोरांना कसंबसं दाखवलं, वीज गेली, आणि मी उन्हात येरझारा घालत राहिलो. खुर्ची डोळ्यांपुढं दिसत होती, सांगलीची, हात तुटलेली. शेवटी जीव राहीना. विचारत विचारत बाबांच्या घरी गेलो.

ते अंगणात बाजेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "बाबा, चुकलो. मला कळलं नाही."

"बसा," ते म्हणाले. "आधी चा घ्या. सकाळचा तसाच ठिवला तुमी."

मी बसलो. चहा घेतला. शेळीच्या दुधाचा, गोडमिट्ट. बाबांनी माझा कप रिकामा व्हायची वाट बघितली. मग म्हणाले, "एक इचारू? ते डोस्क्याला बांधायचंच कशापायी? आरशागत हातात धरून डोळ्याला लावलं तर दिसत न्हाई व्हय?"

"नाही, तसं त्याचं..." मी सुरू झालो आणि थांबलो. दिसेल की! पडदे डोळ्यांपुढं आले म्हणजे झालं. मान वळेल तशी हातातली वस्तूही वळेल. पट्टा फक्त धरून ठेवायला होता. सहा महिने मी आणि तो प्राध्यापक त्या हेल्मेटला देवासारखं जपत होतो आणि हा साधा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

बाबा मला गावच्या सुताराकडे घेऊन गेले. लोहारकामही तोच करायचा. सुतारानं हेल्मेट उलटंसुलटं करून बघितलं, पट्ट्याचे चार स्क्रू काढले, वरची टोपी सुटी केली आणि दोन्ही अंगांना खुरप्याच्या मुठी ठोकून बसवल्या. प्रत्येक ठोक्याला माझा जीव वरखाली. "आवं, इतकं काय भ्येताय," सुतार हसला, "जित्याजागत्या बैलाला नाल मारतो मी."

तीनला वीज आली. या वेळी मुलीही आल्या. सकाळी व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभ्या होत्या त्याच. पहिली पुढं आली ती नववीतली. दोन वेण्या, लाल रिबिनींनी कानांमागं घट्ट दुमडून बांधलेल्या. तिनं मुठी धरल्या, डोळ्यांना लावलं आणि वळायला लागली. मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. मागच्या पोरी ओरडायला लागल्या, "ए, बास की गं!" ही हलेना.

"सर, ह्ये दार एकाच अंगाला उघडतंय."

"हो. त्याला झडप म्हणतात."

"आमच्या शेरडांच्या वाड्याचं कवाड असंच हाय. आत आलेलं करडू माघारी जाऊ ने म्हणून."

मी तिच्याकडे बघत राहिलो. झडपेवर मी तीन पानं लिहिली होती, तिनं एका वाक्यात संपवली. आणि मग माझी नजर तिच्या रिबिनींवर गेली. दोन घट्ट गाठी, बरोबर तिथंच, जिथून हेल्मेटचा पट्टा जायचा.

साताऱ्याच्या वर्गात प्रत्येक मुलीच्या दोन वेण्या होत्या. शाळेचा नियमच होता. प्रत्येकीच्या गाठींवर मी तो पट्टा आवळला होता, केस ओढले गेले होते, आणि तोंड वाकडं झालं की लिहून ठेवलं होतं, रस नाही. अरे देवा! मला तिथंच थोबाडात मारून घ्यावंसं वाटलं.

सगळ्यात शेवटी बाबांनी बघितलं, पटका जिथल्या तिथं ठेवून. चारही खोल्या फिरले. "घर मोटं हाय," म्हणाले, "पर माणूस न्हाई कुनी." मग मुठी माझ्या हातात दिल्या. "ठिवा शाळंत. पर मशीन टाकून जायाचं न्हाई. दर बेस्तरवारी तुमी सोता यायचं. वरीसभर. यंत्र काय, पोरी इचारतील त्याला जवाब देनार हाय?"

दर गुरुवारी, वर्षभर! एका जागी वर्षभर मी कधी टिकलो नव्हतो. "हो," म्हणालो.

रात्र दहिवडीत काढून दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याला पोचलो. बायको शाळेला निघायच्या गडबडीत होती. "हो म्हणाले," मी सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली. मी मुठी दाखवल्या, पटक्याचं सांगितलं, रिबिनींचं सांगितलं. कपाटातून अहवालाची माझी प्रत काढली, पेन घेतलं.

"माझ्यासमोर कशाला खोडता?" ती म्हणाली. "ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्यांच्यासमोर खोडा."

त्याच आठवड्यात गेलो. तोच वर्ग, त्याच मुली. मी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे चूक आहे, पट्टा चुकीचा होता. मागच्या बाकावरची एक उभी राहिली.

"सर, आम्हाला तेव्हा खूप दुखत होतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

इतकी वर्षं मी लोकांकडून विचारण्याचेच तर पैसे घेत होतो. वाक्य खोडलं आणि तिलाच पुढं बोलावलं. तिनं मुठी धरल्या, डोळ्यांना लावलं.

"जड होतंय का?" मी विचारलं.

"होतंय, सर."

मी खालून हात लावून धरलं. त्या दिवशी पूर्ण तास, शेवटच्या मुलीचं बघून होईपर्यंत, मी तिथंच धरून उभा होतो.