कुसाबाईंचा तास

मनमाडला रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात गोरक्ष शेवाळे यांची पस्तीस वर्षं गेली आणि घराच्या गच्चीवर आकाश बघण्यात एकोणीस. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासलेला. रोज रात्री त्याच शे-दीडशे दीर्घिका बघायच्या. प्रत्येकीभोवतीचे तारे पाठ. त्यांत एखादा जास्तीचा दिसतो का ते शोधायचं. दिसला तर तो सुपरनोव्हा, म्हणजे मरताना फुटलेला तारा. हल्ली यंत्रं अख्खं आकाश चाळतात, पण गोरक्षरावांना आपल्या डोळ्यांनी शोधलेला एक तरी तारा आपल्या नावावर हवा होता. एकोणीस वर्षांत हाती भोपळा!

वही कुसाबाईंकडे असे. ते "काही नाही" म्हणत, बायको वेळ घालून तसं लिही. तीनदा ते "सापडला!" म्हणून ओरडले. तिन्ही वेळा बाईंनी स्टुलावर चढून स्वतः पाहिलं आणि नवऱ्याला खाली बसवलं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तासभर दम धरा. हललं तर घरचं, नाय हललं तर लांबचं."

घरचं म्हणजे सूर्याभोवती फिरणारा लघुग्रह. तिन्ही वेळा हललं. महिन्याचं पान पुण्याच्या चैतालीताईंकडे जाई. त्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करतात. पानाखाली दोघांचीही नावं असत.

दसऱ्याच्या आधी कुसाबाई वारल्या. दोन महिने गोरक्षराव गच्चीवर फिरकले नाहीत. मग जाऊ लागले. आपणच बोलायचं, आपणच लिहायचं. फार वाईट वाटे. पुण्याला पान पाठवायचं राहूनच जाई.

मार्चमध्ये कन्या राशीतल्या एका दीर्घिकेच्या कडेला जास्तीचा ठिपका दिसला. ते ओरडले. दम धरा म्हणायला कोणी नव्हतं. त्यांनी तिथूनच पुण्याला ईमेल धाडला आणि खाली येऊन पडले. झोप कसली येते! एकदाचं नाव लागणार होतं.

सकाळी चैतालीताईंचं उत्तर आलं. "काका, लघुग्रह आहे. आम्ही बघेपर्यंत सरकलासुद्धा. तुमच्याकडून असं कधी होत नाही. आणि खाली एकच नाव कसं? काकू झोपल्या होत्या का?"

चूक त्यांनी लगेच कबूल केली. शेवटच्या प्रश्नापाशी मात्र दुपारपर्यंत बसून राहिले. बाई गेल्या तेव्हा सगळ्या पाहुण्यांना फोन झाले होते, पुण्याला कळवलंच नव्हतं. तिथे बाई अजून होत्या.

मग त्यांनी लिहिलं, "नाही. इथून पुढे एकच नाव येईल."