डाळिंबावरचे सूर्य

"मागनं कोरंच हुतं की! आन् पुडं तरी काय, गोल काढून चार ठिपकं," दत्तोबा म्हणाला आणि त्यानं आमटीचा भुरका मारला.

"तीन हजार कागद हुतं ते," संजीवनी नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "आकरा वर्सांचं."

ती दोन दिवस माळेगावला भावाकडे गेली होती. तेवढ्यात त्यानं गच्चीवरच्या खोलीतली तिची पत्र्याची पेटी उघडली आणि डाळिंबं उन्हानं भाजू नयेत म्हणून बायका लावून फळाफळाला कागदाची टोपी घातली. वर औषधाचा फवाराही झाला. घरातली रद्दी संपली होती, म्हणे.

बारामतीच्या कॉलेजात विज्ञानाचं पहिलं वर्ष झालं आणि लग्न होऊन ती लासुर्ण्याला आली. पुढचं शिक्षण राहिलंच. चाळिशीत सोन्याची बांगडी मोडून तिनं दुर्बीण घेतली. रोज सकाळी भांडी झाली की दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडायचा, त्यावरचे डाग शाईनं टिपायचे, तारीख घालायची. सूर्य जात्यासारखा सगळा एकदम फिरत नाही. तो आतून खदखदणारा वायू. मधल्या पट्ट्यातले डाग भराभर पुढं जातात, वरचे-खालचे मागं रेंगाळतात. पुस्तकात ते होतंच, पण तिनं स्वतः मोजलं होतं. डागांचं एक चक्र साधारण अकरा वर्षांचं. दिवाळीला ते तिच्या हातून पुरं होणार होतं.

"सूर्य काय पळून चाललाय व्हय?" सासू प्रयागबाई म्हणाली. "उद्या काढ की परत. रोज हितनंच दिसतोय."

"आत्या, मागच्या वर्साचा कुठनं काढू?"

"बाग तर वाचली!" दत्तोबा म्हणाला. "उन्हाचं चित्र उन्हालाच आडवं लावलं. एवढ्या वर्सांत पयल्यांदा कामाला आलं बघ."

मायलेक हसले.

संध्याकाळी ती बागेत जाऊन आली होती. एका टोपीवर वडील गेले त्या दिवसाची तारीख होती. त्या दिवशी ती आधी डाग टिपून मग रडायला बसली होती. फवाऱ्यानं शाई फुटून तो अख्खा सूर्यच काळा झाला होता.

"भाकरी वाढ," दत्तोबानं ताट पुढं सरकवलं.

तिनं वाढली. तवा उतरवला, चूल विझवली, हात पुसले.

"ही शेवटची. उद्यापास्नं माझी चूल वरच्या खोलीत. तुमी दोघं तुमचं बघा."